बेळगावकडच्या मुलीला कर्लिंगमध्ये करिअर करता येईल का?

तुम्ही विचारलंय की 15 वर्षांच्या भाचीनं हिवाळी ऑलिंपिकमधलं कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड निशाणाकडं सरकवायचा खेळ, बघितला, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही, आम्ही बेळगाव तालुक्यातले, तर तिच्यात जिद्द असेल तर जमेल का. त्या ‘जिद्द असेल तर’ या शब्दांसाठी मी लिहायला बसले.

2018 च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या ज्या मुलींनी कर्लिंगचं रौप्यपदक घेतलं, त्यातल्या चौघी उइसंगच्या. आपल्याकडं मिरची म्हटलं की जसं संकेश्वर, तसं तिकडं लसूण म्हटलं की उइसंग. शेतावरच्या मुली, जिद्दीनं पुढं आल्या, असं सगळे सांगतात. पण 2006 साली उइसंगमध्ये कर्लिंगचा हॉल उभा राहिला होता, खास त्याच खेळासाठी बांधलेला, त्या देशातला पहिला. किम उन-जंग शाळा सुटल्यावर तिथं जायला लागली आणि जाताना मैत्रिणीला, यंग-मीला, घेऊन गेली. यंग-मीची धाकटी बहीण एके दिवशी अक्काची विसरलेली वस्तू द्यायला हॉलवर आली ती तिथलीच झाली. तिनं वर्गातली आणखी एक मुलगी आणली. झाली टीम. हॉल होता म्हणून पोरी आत गेल्या. जिद्द त्यांना आत गेल्यावर आली, असं माझं ठाम मत आहे, आणि ते कशावरून झालं ते सांगते.

मी खानापूर तालुक्यातली. 2003 साली आमच्या मराठी शाळेत पीटीचे एक सर आले, त्यांना ज्युदो येत होता. त्यांनी आम्हा चार मुलींना निवडलं. मी, माझी चुलतबहीण, आणि शेजारच्या वाड्यातल्या दोघी. मॅट कुठून आणणार? देवळाच्या मागं पत्र्याची शेड होती. तिथं आम्ही पोत्यांत पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भरून ती दाबून शिवली, शेजारी शेजारी मांडली आणि वरून दादाची भात वाळवायची ताडपत्री ताणून बांधली. अंगातले कपडे शहापूरच्या एका शिंप्यानं मांजरपाटाचे शिवून दिले. कॉलर तीनदा फाटली, तीनदा आईनं चौपदरी करून शिवली. पहिला महिना सरांनी नुसतं पडायला शिकवलं. हात आपटून, हनुवटी छातीला लावून, पडायचं आणि उठायचं. पिंजराची धूळ नाकात जायची, घरी गेल्यावर तासभर शिंका.

जिल्ह्याच्या स्पर्धेला बेळगावात गेलो तेव्हा खरी मॅट पहिल्यांदा पायाखाली आली. पोत्यावर पाय रुतायचा, आम्हाला त्याचीच सवय. इथं पाय सरकत होता. पहिली कुस्ती मी हरले, पुरतं उभंही राहता आलं नव्हतं. पण नंतर पाय कसा टाकायचा ते कळलं आणि पुढच्या दोन जिंकून तिसरी आले. येताना लाल बसमध्ये आम्ही चौघी मागच्या सीटवर उड्या मारत होतो, कंडक्टर दोनदा ओरडला.

पुढच्या वर्षी जुलैत पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, आठ-आठ दिवस उघडीप नसते. शेडचा पत्रा गळायला लागला आणि पाणी ताडपत्रीखाली शिरलं. पंधरा दिवसांनी सरांनी ताडपत्री उचलली तर पोत्यांच्या शिवणीतून भाताची रोपं वर आली होती, बोटभर, हिरवीगार. पिंजरात राहिलेले दाणे उगवले होते. माझी चुलतबहीण हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्या वासाच्या पोत्यांवर परत पडणं शक्य नव्हतं.

गावात तेव्हा नवीन इमारत झाली होती. सरांनी तिथली एक खोली मागितली, फक्त संध्याकाळी दीड तास. ती खोली मांडवाचं सामान आणि मोठी भांडी ठेवायला दिली गेली. शेजारच्या दोघी आधी सुटल्या, मग चुलतबहिणीचं लग्न ठरलं. मी एकटीनं कुणाला उचलून टाकायचं? पुढं सरांची बदली झाली आणि विषय मिटला.

माझा दादा आजही म्हणतो, “जिद्द असली की दगडातनंबी पाणी काढता येतंय. तुमच्यात ती कमी पडली बघ.” दादा स्वतः पैलवान. त्याची तालीम आजोबांच्या आधीपासून गावात उभी आहे. त्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालायला दरवर्षी वर्गणी निघते, आणि ती माती एक पावसाळा भिजलेली मी बघितली नाही. पोरांत जिद्द आहे का, हे बघून कुणी तालीम बांधली नव्हती. आधी तालीम बांधली, मग पोरं उतरली, त्यातली काही टिकली. मुलींना मात्र आधी जिद्द दाखवा, मग बघू. वीस वर्षं मी दादाला हेच सांगतेय.

तो मग मलप्रभा जाधवचं नाव काढतो. तुरमुरीची, आपल्याच भागातली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये 52 किलो गटात तिनं कांस्यपदक आणलं. मला तिचा इतका अभिमान आहे की त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. पण कुराश हा मध्य आशियातला कुस्तीसारखा खेळ, त्या स्पर्धेत तो तेव्हा पहिल्यांदाच आला, आणि ती त्यात उतरली ती ज्युदो खेळून. ज्युदोला खरी मॅट लागते, शिकवणारा लागतो. ते असल्याशिवाय नुसत्या जिद्दीवर तिलाही जमलं नसतं, आणि हे म्हटल्यानं तिचं कष्ट कमी होत नाही.

आता कर्लिंग. बर्फाची पट्टी साधारण 45 मीटर लांब, दगड ग्रॅनाइटचा, जवळजवळ 20 किलोचा. त्यासाठी स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटाचा दगड नावाजलेला आहे. घरी सराव होणारा हा खेळ नव्हे. स्कॉटलंडची ईव्ह म्यूरहेड 19 व्या वर्षी पहिलं ऑलिंपिक खेळली आणि सुवर्ण मिळालं 2022 साली, चौथ्या ऑलिंपिकमध्ये, 31 व्या वर्षी. मधे 2018 ला शेवटचा दगड चुकून कांस्यपदक गेलं होतं. तिचे वडील स्वतः जगज्जेते कर्लर. म्हणजे बर्फ घरातच होता म्हणा ना. तेव्हा बेळगावात राहून हे करिअर होणार नाही, हे मुलीला स्पष्ट सांगा. देहरादूनला बर्फाची रिंक आहे, पण 15 व्या वर्षी एकटीला तिकडं धाडायचं का, ते तुम्ही ठरवा. मी धाडली नसती.

पगाराचंही बघा. उइसंगच्या त्या मुली पुढं एका शहराच्या नगरपालिकेच्या टीममध्ये गेल्या, पगारावर. पदकानंतर काही महिन्यांतच त्यांनी आपल्याच प्रशिक्षकांविरुद्ध तक्रार केली होती, शिवीगाळ आणि बक्षिसाचे पैसे न दिल्याची. सरकारी चौकशीत बरंचसं खरं निघालं. हे मी शेवटी सांगतेय, पण सगळ्यात आधी लक्षात ठेवा. हॉल कुणाच्या हातात आहे, हेही बघावं लागतं. हॉल असला म्हणजे सगळं झालं, असं मी दादाला सांगताना थोडं ताणते, हे कबूल.

भाचीला आत्ता काय द्यायचं? चाकं बसवलेल्या दगडांनी सपाट फरशीवर कर्लिंग खेळतात, बर्फ लागत नाही. दगडांसाठी वर्गणी काढा. आणि तीन मैत्रिणी मिळवा, एकटीचा हा खेळच नाही. मग लांब फरशीचं मंगल कार्यालय गाठा आणि मालकाशी लग्नसराई सोडून बोला. आषाढ लागला की त्यांचे हॉल रिकामे पडतात, आणि पक्कं छप्पर नेमकं तेव्हाच हवं असतं.