नास्तिकपणाचीही पोथी होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय की नास्तिकताही उद्या धर्मासारखी कट्टर होईल का, आणि लगेच पुढे म्हटलंय की ज्याला देवच मान्य नाही त्याची पोथी कुठली असणार. मी वीस-बावीस वर्षं या चळवळीत आहे, स्वतः देव मानत नाही, आणि तरी माझं उत्तर हो असंच आहे. पोथी तयार व्हायला देव लागतच नाही.

आपल्याकडचे पूर्वमीमांसावाले घ्या, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारं जुनं दर्शन मानणारे. जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही, कुमारिल भट्टाने तर त्याविरुद्ध चांगले सणसणीत युक्तिवाद केलेत, पण वेद मात्र अपौरुषेय, म्हणजे कुणीच न रचलेले, त्यात चूक असूच शकत नाही. मनुस्मृतीतही नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. म्हणजे देव न मानणारा मीमांसक आस्तिकांत बसतो आणि वेदावर शंका घेणारा बाहेर जातो. देवाचा विषयच नाही, ग्रंथावर बोट ठेवलं की नाही एवढंच बघितलं जायचं.

आता सोव्हिएत रशिया. तिथे १९२५ मध्ये निरीश्वरवाद्यांचा संघ निघाला, १९२९ ला नावात 'लढाऊ' जोडलं, पुढच्या तीन-चार वर्षांत कागदोपत्री सभासद ५० लाखांच्या वर. बाप्तिस्म्याच्या जागी क्रांतीच्या नावाने बाळाचा नवा विधी, आणि घरात देवाच्या तसबिरींचा जो कोपरा असायचा त्याच नावाचा 'लाल कोपरा' कारखान्यात, क्लबात, तिथे लेनिनचा फोटो. लेनिन १९२४ ला गेला तर त्याचं शरीर रसायनं घालून जपून ठेवलं आणि लोक रांगा लावून बघायला जायला लागले. ५ डिसेंबर १९३१ ला मॉस्कोतलं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल सुरुंग लावून उडवलं, त्या जागी सोव्हिएतांचा प्रासाद आणि त्याच्या टोकावर लेनिनचा अवाढव्य पुतळा असा प्लॅन होता. तो काही पुरा झाला नाही, पुढे तिथे पोहायचा तलाव झाला आणि २००० साली कॅथेड्रल परत उभं राहिलं.

पण मला इमारतींपेक्षा जास्त त्रास होतो तो पुढच्या दोन गोष्टींचा. १९३७ च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न विचारला, १६ वर्षांवरच्या उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी, तेही त्या दहशतीच्या काळात, आम्ही देव मानतो असं सांगितलं. लोकसंख्याही अपेक्षेपेक्षा कमी भरली होती, मग सगळे आकडेच दाबले आणि मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. दुसरी गोष्ट वाविलोव्ह या सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञाची. जगभर फिरून बियाणं गोळा करणारा, अनुवंशशास्त्राच्या बाजूने उभा राहिलेला माणूस, १९४० ला अटक झाली आणि १९४३ ला सारातोव्हच्या तुरुंगातच मेला. १९४८ ला लिसेन्कोने, म्हणजे अनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या आणि स्टालिनचा पाठिंबा असलेल्या शेतीतज्ज्ञाने, भर सभेत जाहीर केलं की माझा अहवाल पक्षाच्या केंद्रीय समितीने मंजूर केलाय, झालं, अनुवंशशास्त्र चूक ठरलं! शेतात काय उगवतंय ते कोण बघतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की हे कम्युनिझमचं पाप, नास्तिकतेच्या माथी कशाला मारता. अर्धं खरं आहे ते. देव नाही एवढं म्हटल्याने कुणाला तुरुंगात टाका असं निघत नाही, आणि जो माणूस शांतपणे पूजा करत नाही, कुणाला करू नको म्हणतही नाही, त्याला 'तुझाही धर्मच आहे' म्हणणं साफ चुकीचं आहे. पण देव न मानल्याने ती माणसं कट्टरपणातून वाचली का, तर नाही वाचली, आणि आपण त्यांच्यापेक्षा वेगळ्या मातीचे आहोत असं मला अजिबात वाटत नाही.

वाटत नाही कारण मी बघितलंय. आमचा एक छोटा अभ्यासगट होता, नाव सांगत नाही. जात पंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी आम्ही गावोगाव फिरलो होतो, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ ला विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा पेढे वाटले होते. त्याच गटातल्या एका मित्राचे वडील गेले, आईच्या हट्टापायी तो दहाव्याला घाटावर बसला. पुढच्या बैठकीत त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला, तो म्हणाला आई रडत होती, यात खुलासा काय द्यायचा. मग त्याला मेसेज जाणं बंद झालं, लग्नाला बोलावणं बंद झालं. ठराव वगैरे काही नाही, नुसतं बंद. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो, हे मला आजही खुपतं.

अंनिसची, म्हणजे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, भूमिका पहिल्यापासून अशी की विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. तरुणपणी मला हे मिळमिळीत वाटायचं, दाभोलकर फार सांभाळून घेतात असं मी तावातावाने बोललोय. आज वाटतं की त्या भूमिकेत माझ्या मित्राला जागा होती, आमच्या गटात नव्हती.

तुम्ही असंही विचारलंय की मग नास्तिकांनी संघटना करूच नये का. करा, जरूर करा, गावात एकटा पडलेल्या पोराला पाठीशी कुणीतरी लागतं. फक्त पहिल्या दोन-तीन बैठकांत एक बघा, तुमच्या संस्थापकाच्या लेखातली चूक कुणी दाखवली तर बाकीचे लेख उघडून बघतात की चूक दाखवणाऱ्याकडे बघतात.