'तळपती' च्या जागी 'चमकती' चालेल का?

प्रश्न असा आलाय की कामगार दिनासाठी नारायण सुर्वे यांची 'कामगार आहे मी, तळपती तलवार आहे' ही ओळ निऑन अक्षरांत करून चौकात लावायचीय, पण बोर्डवाला म्हणतो 'ळ' ची वेटोळी वळवायला किचकट जातात, तर 'चमकती' करू का, अर्थ तोच ना?

नाही हो, तोच नाही. आणि बोर्डवाल्याचं गणित पण गंमतीचंच आहे, दोन्ही शब्द चार अक्षरी, आणि 'ळ' वाचवून 'क' घेतला तर त्यालाही दोन्ही बाजूंना पोट आहेच की! मात्रासुद्धा पाचच्या पाच, त्यामुळे बदललं तरी वाचताना कुठे अडखळत नाही, आणि म्हणूनच अशी चूक खपून जाते.

'तळपणे' ला ताप लागतो. सूर्य तळपतो, ऊन तळपतं, पण चंद्र तळपला असं कोणी म्हणत नाही, देवघरातला दिवा पण नाही, तो तेवतो. आणि तलवार तळपते ती म्यानाबाहेर, हातात, फिरत असताना. पेपरवाले अजूनही 'बॅट तळपली' लिहितात ते याच हिशोबाने, बॅट काय पॉलिश केली म्हणून नाही. 'चमकणे' मात्र कशालाही चालतं, भांडी चमकतात, टक्कल चमकतं, पाठीत चमक भरते, दचकलेला माणूस चमकून बघतो, वर हल्ली 'चमको' हा शब्द कुणाला वापरतात ते तुम्हाला माहितीच आहे. 'चमकती तलवार' म्हटलं की मला तरी म्युझियमच्या काचेमागची दिसते. शिवाय तळपती-तलवार यातला 'त' चा ठोका जातो तो वेगळाच.

सुर्वे स्वतः गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेले, पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 चा. या ओळीला लागूनच ते सारस्वतांना बजावतात की थोडासा गुन्हा घडणार आहे. (तिथे सारस्वत म्हणजे जात नव्हे बरं का, सरस्वतीचे उपासक, लिहिणारी-वाचणारी विद्वान मंडळी. हा घोळ फार जण घालतात.) आता असं बजावणाऱ्याच्या हातात नुसती चमकणारी तलवार देऊन कसं चालेल?

राहिला बोर्ड. काचेची नळी तापवून वाकवायची असेल तर 'ळ' ला कसब लागतं हे खरंय, पण आजकाल निऑन म्हणून जे विकतात ते बहुतेक एलईडीची लवचिक पट्टी असते, ती वळते. रंग निवडायचा असेल तर तांबडा-नारिंगी घ्या, निऑन वायूचा स्वतःचा रंग तोच, निळ्या नळीत बहुधा आर्गॉन आणि पारा असतो. आणि निळं काही तळपत नाही, हे माझं मत.

बोर्ड लागला की बातमीत 'ओळ चौकात झळकली' लिहा, तिथे 'झळकणे' फिट बसतं, नाव झळकतं, बॅनर झळकतो तसं. फक्त पत्रिकेत 'तळपती तलवारीने' छापू नका, विभक्ती लागली की 'तळपत्या तलवारीने', जसं वाहती नदी पण वाहत्या नदीत.