माझे कोकणातले आजोबा परळच्या गिरणीत होते. गिरणगावाचा वारसा पाहायला मुंबईत दोन दिवसांत कुठे जावं?

मुंबईतलं आधी उरकतो. लोअर परळला फिनिक्सच्या मॉलमध्ये जुनी चिमणी उभी आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलंय, त्यातलं काय खुलं आहे ते विचारून जा. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, तेव्हा उरलेल्या आधी बघा. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं, मालकाला उरलेलं. २००१ला तो हिशोब फक्त रिकाम्या जागेपुरता केला, म्हणून बघायला एवढंच शिल्लक आहे. एक दिवस पुरेल. रात्री कोकणकन्या पकडा आणि आजोबांच्या गावी उतरा. अर्धं गिरणगाव तिथे होतं.

माझे बाबा साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. आठ वर्षं बदली, म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत. राहायला गावकऱ्यांची खोली: आमच्या वाडीचे वीसेक जण, पाळीप्रमाणे झोपणारे, भिंतीला ट्रंका, जेवण खाणावळीत. बायकापोरं गावी, कारण त्या पगारात मुंबईत बिऱ्हाड होत नव्हतं. बाई शेत करायची, पोरं वाढवायची, म्हातारे सांभाळायची, आणि गडी आजारी पडला की तिच्याकडेच यायचा. गिरणीच्या वहीत हा खर्च कधी चढला नाही. मनीऑर्डरीवर कोकण जगलं म्हणतात. मी म्हणतो, कोकणच्या बायांनी पिकवलेल्या भातावर गिरण्या चालल्या.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा शिमग्याला आले ते राहिलेच. मी अकरा वर्षांचा होतो. पाऊस लागला, जोत धरायची वेळ आली आणि बाबांना नांगर सरळ धरता येईना. साच्यांच्या खडखडाटात वर्षं गेल्यानं ते मोठ्यानं बोलत आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत. आई वाकून लावणी करता करता सांगायची, ते त्यांना ऐकू जायचं नाही. शेजारच्या कुणग्यातली माणसं हसायची. तिसऱ्या दिवशी ते चिखलाच्या पायांनी बांधावर बसले. "माका ह्या जमाचा नाय." आईनं तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ त्यांच्या हातात दिली. "जमतला तुमका. हात सैल सोडा." त्या दिवशी त्यांनी जी लावणी केली ती ताण्याच्या धाग्यांसारखी सरळ, ओळीत ओळ. अशी लावणी आमच्याकडे कोणी करत नाही. आईनं ती मोडली नाही. दिवाळीनंतर त्या मळ्यातल्या भाताचे दोन मुडे मुंबईला खोलीवर गेले, मागे राहिलेल्यांसाठी.

माझा चुलतभाऊ मुंबईत जन्मला. दर गणपतीला आरती झाली की तो म्हणतो, "काका संपात गावी पळाले." चाळीस वर्षं ऐकतोय. अडीच लाख कामगारांनी वर्षाच्या वर तग धरला तो कशावर? शहरातल्या दुकानदाराच्या उधारीवर? ती दोन-चार महिन्यांत संपते. गावी परतलेला प्रत्येक माणूस मुंबईतल्या खोलीवरचं एक ताट वाचवत होता. आणि मागणी नुसत्या पगाराची नव्हती. बदलीवाल्यांना कायम करा, एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६चा कायदा काढा, हेही होतं. तो संप आजवर रीतसर मागे घेतलेला नाही.

आजोबा कुठल्या खात्यात होते ते मात्र शोधा. साचाखात्यात पगार बरा, पण तिथे दलितांना घेत नसत. जुन्या साच्यांवर धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या, भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. म्हणूनच आमच्या पलीकडच्या वाडीतले दलित त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. वारसा म्हणाल तर हाही आपलाच.

एक सांगायला हवं. भाताचं म्हटलं ते जमीन असलेल्यांपुरतं. पलीकडच्या वाडीला स्वतःचा मळा नव्हता, त्यांचे हाल आमच्यापेक्षा वाईट झाले. मुंबईत बिऱ्हाड असलेल्यांनाही पळायला गाव उरलं नव्हतं. काकीच्या चारही बांगड्या त्या वर्षी गेल्या, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी माझ्या बाबांना पळपुटं म्हणू देणार नाही.

तुमच्या आजी हयात असतील तर आजोबांचं नंतर विचारा. आधी विचारा, ब्याऐंशीच्या पावसात लावणी कोणी केली, बैल कोणाचे आणले आणि दुकानदारानं उधारी कुठल्या महिन्यात बंद केली.