बेळगावच्या टिळकवाडीत फलकावर लिहिलेलं 'जगात हवा असलेला बदल स्वतः बना' हे वाक्य गांधीजी बेळगावात बोलले होते का?

नाही हो. काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, एवढं खरं. बाकीची जोडाजोड फलकवाल्याची. त्यांच्या शंभर खंडांच्या इंग्रजी संकलित वाङ्मयात हे वाक्य सापडत नाही. त्याच्या जवळपास जाणारा विचार त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन' या वृत्तपत्राच्या ऑगस्ट १९१३ च्या अंकात आहे, तोही चक्क सर्पदंशावरच्या लेखात! आपण बदललो तर जगाची रीतही बदलेल, असा त्याचा आशय. फलकावरच्या वाक्याचा साचा १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षिका आर्लीन लॉरन्स यांच्या लेखनात दिसतो. गांधींचं नाव मागाहून चिकटलं. संकलित वाङ्मय नेटवर फुकट वाचता येतं, बेळगावचं अध्यक्षीय भाषणही त्यात आहे. पुढचा फलक रंगवायचाच असेल तर त्यातलंच एखादं वाक्य तारखेसकट उचला.