स्पिव्ह म्हणजे नेमका कोण?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये घडणारी एक कादंबरी मराठीत आणणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कादंबरीत एका पात्राला सगळे 'स्पिव्ह' म्हणतात, म्हणजे नटूनथटून रस्त्यावर काळ्या बाजारातला माल विकणारा; दुसऱ्याला 'वाइड बॉय'. दोघांनाही 'लफंगा' म्हटलं तर चालेल का? आणि 'व्हीआयपी'चं अनेकवचन (VIPs) उलटं वाचून 'स्पिव्ह' (spiv) तयार झाला, हे खरं का?

दुसरं आधी. नाही, ते खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हेन्री बॅगस्टर नावाचा एक पेपरविक्या होता. विनापरवाना विक्री आणि किरकोळ फसवाफसवी यांपायी तो पुन्हा पुन्हा कोर्टात उभा राहायचा, आणि त्याचं टोपणनाव होतं 'स्पिव्ह'. 'व्हीआयपी' हे लघुरूप रुळलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पोलिसांच्या कुठल्याशा शब्दांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला, ही कथाही अशीच मागाहून रचलेली.

मला पटते ती 'स्पिफ'ची व्युत्पत्ती, आणि कोशकारांचा कलही साधारण तिकडेच आहे. एकोणिसाव्या शतकात कापडदुकानातल्या नोकराने पडून राहिलेला, फॅशन गेलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला की त्याला वर थोडं कमिशन मिळे. त्या कमिशनला म्हणत 'स्पिफ'. त्याच घरातला 'स्पिफी' म्हणजे ऐटबाज, नटलेला. माल खपवणं आणि नटणं, स्पिव्हचे दोन्ही गुण इथे आहेत. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीवरच्या मंडळींत वावरला आणि महायुद्धाच्या काळात घराघरांत पोचला.

त्या काळाशिवाय स्पिव्ह कळत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनचं रेशनिंग सुरू झालं, जून १९४१ मध्ये कपड्यांचं. माणशी वर्षाला ६६ कुपनं. पुरुषाच्या सुटातच २६ जात: कोटाला १३, वेस्टकोटाला ५, पँटला ८. पुढच्या वर्षी सरकारने पँटच्या टर्नअपवर, म्हणजे पायाशी उलटून घेतलेल्या दुमडीवर, बंदी घातली, खिशांची संख्यासुद्धा ठरवून दिली. असा सगळा देश ठिगळं लावून दिवस काढत असताना खांदे भरलेला, रुंद कॉलरचा डबल ब्रेस्ट कोट आणि भडक टाय घालून कोपऱ्यावर उभा असलेला माणूस म्हणजे स्पिव्ह. पायाशी उघडी सुटकेस, तीत नायलॉनचे मोजे. पोलीस दिसला की सुटकेस बंद. अंगावरचा सूटच सांगायचा की याला कुपनं लागत नाहीत.

म्हणून 'लफंगा' नको. लफंग्याबद्दल कुणाला माया नसते. स्पिव्हला लोक नावं ठेवत आणि मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी त्याच्याकडेच जात. माल बहुतेकदा खरा असे. तो आला कुठून हे विचारायचं नाही, एवढीच अट. 'लॉरीच्या मागून पडला' हे त्यावरचं ठरलेलं लंडनी उत्तर, म्हणजे चोरीचा. १९४७ मध्ये पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारने कामधंदा नसलेल्यांना नोंदणी करायला लावणारा हुकूम काढला, तो लोकांच्या तोंडी 'स्पिव्ह आणि ड्रोन'चा हुकूम झाला. ड्रोन म्हणजे इथे बसून खाणारे श्रीमंत. १९५४ मध्ये मांसावरचं रेशनिंग उठलं आणि स्पिव्हचा धंदाच संपला. त्यानंतर तो ब्रिटिश टीव्ही मालिकांत राहिला: 'डॅड्स आर्मी'तला वॉकर हा अस्सल स्पिव्ह.

'वाइड बॉय'चं गोत्र वेगळं. यातल्या 'वाइड'चा रुंदीशी संबंध नाही. जुन्या बोलीत त्याचा अर्थ चलाख, सावध. त्याला रेशनिंगची गरज नाही, तो कुठल्याही काळात भेटतो. त्यासाठी मराठीत 'चलता पुर्जा' चपखल बसतो, बिनदिक्कत वापरा.

स्पिव्ह मात्र स्पिव्हच ठेवावा असं मला वाटतं. 'काळाबाजारवाला' म्हटलं की आपल्याकडे गोदामात धान्य दाबून बसलेला शेठ उभा राहतो. हा तर रस्त्यावरचा, हातावर पोट असलेला. पहिल्या उल्लेखाच्या वेळी सूट आणि सुटकेस यांचं एक वाक्य घाला, वाचक पुढे आपोआप ओळखेल. फक्त कादंबरीतला काळ तपासा. २००८ च्या बँकबुडीनंतर ब्रिटिश राजकारणी शेअर बाजारातल्या सट्टेबाजांनाही 'स्पिव्ह' म्हणू लागले. तसा प्रसंग असेल तर सरळ 'सट्टेबाज' लिहा.