आधी ट्री, मग बाकी सगळं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि सोबतच्या रेकॉर्डिंगच्या फाइलीही उघडून ऐकल्या. २२ तंतुवादक, १९ माइक. प्रत्येक स्टँडला एक याप्रमाणे ११, चेलो-बास आणि लीडरसाठी जादा ६, आणि सगळ्यात खाली, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, जवळजवळ बंद ठेवलेले 'रूम' नावाचे दोन ट्रॅक. ते दोन सोलो करून, म्हणजे बाकी सगळे बंद करून, ऐक. तुझ्या अख्ख्या सेशनमध्ये ऑर्केस्ट्रा फक्त त्या दोन ट्रॅकवर आहे. बाकीच्या सतरांवर सुटी सुटी वाद्यं आहेत.

तू विचारतेस, लंडनच्या फिल्म स्कोअरसारखा मोठा आवाज यायला कुठला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घेऊ? आणि पुढे, आपल्याला हे जमणारच नाही का? दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, कारण तुझे कान चांगले आहेत. आवाज लहान वाटतोय हे तुझं तुलाच कळलंय. पहिल्याचं उत्तर मात्र देतो, आणि या पत्रात तेच पुन्हा पुन्हा देणार आहे. आधी ट्री. वादकांच्या वर, लांब टांगलेले मुख्य माइक आधी. त्यांच्यावर चित्र पूर्ण उभं राहिल्याशिवाय एकही स्पॉट माइक, म्हणजे एकेका वाद्याजवळचा माइक, उघडायचा नाही.

तंबोऱ्याचा भोपळा काढून ठेवून नुसत्या तारांना माइक लावशील का? ऑर्केस्ट्राचा भोपळा म्हणजे तो हॉल. व्हायोलिनपासून ४० सेंटिमीटरवर माइक ठेवला की गजाची खरखर, राळेचा किरकिराट, वादकाचा श्वास, सगळं येतं, आणि २२ जण २२ जणच राहतात. तीन मीटरवर गेलं की त्यांच्या स्वरांतले आणि व्हायब्रेटोतले बारीक फरक हवेतच एकमेकांत मिसळतात. हे मिसळणं कन्सोलवर होत नाही. १७ कोरडे ट्रॅक एका रिव्हर्बमध्ये सोडले तर १७ कोरडी वाद्यं एका गुहेत वाजताना ऐकू येतात. तुझ्या मिक्समध्ये नेमकं तेच झालंय.

ट्रीचा, म्हणजे 'डेका ट्री'चा, जन्म लंडनचा. १९५० च्या दशकात डेका कंपनीच्या इंजिनियरांनी, रॉय वॉलेस, आर्थर हॅडी, केनेथ विल्किन्सन या मंडळींनी ती बसवली. टी आकाराच्या चौकटीवर तीन ऑम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणारे, माइक. डावा-उजवा एकमेकांपासून सुमारे २ मीटर, मधला त्यांच्या रेषेपुढे सुमारे १.५ मीटर, उंची जमिनीपासून ३ ते ३.५ मीटर, कंडक्टरच्या डोक्याच्या वर. शिवाय दोन्ही बाजूंना, तंतुवाद्यांच्या कडेवर, त्याच जातीचे दोन जादा माइक, आउटरिगर. फिल्म स्कोअरिंगने ही पद्धत तशीच उचलली, कारण तीन माइक म्हणजे पडद्यामागचे तीन स्पीकर, डावा, मधला, उजवा. तुझ्या कानात असलेला तो आवाज अजून मुख्यतः यातूनच निघतो.

त्यातला मूळ माइक नॉयमन कंपनीचा एम ५०. तो परवडणार नाही आणि लागणारही नाही. त्याचं मर्म त्याच्या आतल्या ४० मिलिमीटरच्या गोळ्यात आहे. छोटी डायफ्रॅम, म्हणजे आवाजाने थरथरणारी चकती, त्या गोळ्याच्या पृष्ठभागावर बसवलेली, त्यामुळे खालचे स्वर सगळीकडून सारखे येतात आणि वरचे समोरून जरा जास्त. लांबूनही व्हायोलिनची कड बोथट होत नाही ती यामुळे. छोट्या डायफ्रॅमचा कुठलाही चांगला ऑम्नी माइक आणि त्यावर बसणारा गोळा, एवढ्यावर भागतं. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणारा माइक, मात्र नको. लांबून तो खालचा स्वर सोडून देतो, आणि चेलो-बास पातळ लागले की माणूस पुन्हा स्पॉटकडे धावतो.

फोटोत तुझ्या हॉलचं छत ५ मीटरच्या आत दिसतंय. तिथे ३.५ मीटरवर माइक टांगलास तर छतावरून परतणारा आवाज मूळ आवाजाच्या मागोमागच पोचेल आणि स्वर पोकळ होईल. २.७ मीटरवर ये, रुंदी १.५ मीटरवर आण. मग हेडफोन काढून कंडक्टरच्या जागी स्वतः उभी राहा, एक अख्खा क्यू, म्हणजे एका प्रसंगाचा संगीताचा तुकडा, तिथून ऐक, आणि परत येऊन नुसत्या ट्रीवर तोच क्यू ऐक. पहिलं आणि दुसरं व्हायोलिन असमान वाटलं तर फेडरला हात लावू नकोस. खुर्च्या सरकव. अर्धा मीटर पुरतो. ट्री अर्धा मीटर पुढे किंवा मागे घे. या कामात सकाळचा पाऊण तास जातो. निर्माता घड्याळाकडे बघतो. बघू दे. तो पाऊण तास वाचवणारा इंजिनियर पुढे तीन दिवस मिक्समध्ये घालवतो, आणि तरीही ते होत नाही.

आता स्पॉट. माझा स्पॉटला विरोध आहे असं लोक म्हणतात, ते खरं नाही. हार्पला हवा, सेलेस्टा या नाजूक घंटांसारख्या कीबोर्डला हवा, ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, सुरू असताना खालच्या सप्तकात वाजणाऱ्या बासरीला हवाच हवा. पण त्याचं काम धूसर कड स्पष्ट करणं एवढंच. ट्री सोलो कर, डोळे मिट, ते वाद्य कुठे बसलंय तिकडे बोट दाखव आणि स्पॉट डाव्या-उजव्यात तिथेच पॅन कर, म्हणजे बसव. फेडर हळूहळू वर घे. वाद्य पुढे सरकल्याचं जाणवलं की थांब, आणि तिथून २-३ डेसिबल खाली ये. बास आणि टिंपनी (मोठे नगारे) सोडून बाकीच्या स्पॉटना १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे खालचे स्वर कापणारी चाळणी, लाव, म्हणजे खालची हवा ट्रीकडेच राहील. वरून रिव्हर्ब द्यायचाच तर मुख्यतः या स्पॉटना दे, साधारण दोन-सव्वादोन सेकंदांचा, म्हणजे ते मागे ट्रीत जाऊन मिसळतील.

आणि वेळेचा हिशोब मांड. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे चार फ्रेंच हॉर्न आहेत ना? आवाज एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. हॉर्न ट्रीपासून ८ मीटरवर असतील तर ट्रीवर २३ मिलिसेकंदांनी पोचतील. त्यांचा स्पॉट दीड मीटरवर, तिथे साडेचार मिलिसेकंदांत. म्हणजे स्पॉटमधला हॉर्न जवळपास १९ मिलिसेकंद आधी येतो, आणि कान जो आवाज आधी येईल त्याच्या जागेवर विश्वास ठेवतो. स्पॉट बराच खाली असला तरी हॉर्न मागच्या भिंतीजवळून उठून व्हायोलिनच्या मांडीवर येऊन बसतात. दोन्ही अंतरांतला फरक मोजायच्या टेपने मोज. साडेसहा मीटर असेल तर ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार सँपल) सुमारे ९१० सँपलचा डिले, म्हणजे उशीर, स्पॉटला दे. काही इंजिनियर डिले देत नाहीत, नुसता स्पॉट खाली ठेवतात. तेही चालतं. पण हिशोब न करता स्पॉट वर ढकलणं चालत नाही.

हॉर्नबद्दल आणखी एक गोष्ट, हॉलचा फोटो पाहिल्यापासून मला ती बोचतेय. हॉर्नवादकाकडे नीट बघ. बेल त्याच्या उजव्या मांडीपाशी, तोंड मागे, आणि उजवा हात बेलच्या आत. आपण ज्याला हॉर्नचा आवाज म्हणतो तो मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज असतो. तुझ्या हॉलमध्ये नेमका त्या भिंतीवर जाड पडदा आहे. वरचे स्वर तो गिळणार, ट्रीवर हॉर्न घोंगडीत गुंडाळल्यासारखे येणार, मग तू बेलच्या मागे स्पॉट लावणार आणि तिथे नुसता फरफराट मिळणार. पडदा उघड. भिंत ओबडधोबड असेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायचे ८ बाय ४ फुटांचे दोन तक्ते आण, वादकांच्या मागे दीड-दोन मीटरवर उभे कर, आणि थोडे तिरके ठेव. याच्याइतका उपयोगी इक्वलायझर, स्वर कमी-जास्त करायचं यंत्र, अजून निघालेला नाही.

तंतुवाद्यं सकाळी आणि हॉर्न दुपारी वेगळे घ्यायचे म्हणतेस. संवादाखाली ब्रास दाबता यावा म्हणून दिग्दर्शकाला ते हवं असतं, हॉलिवूडमध्येही आता पुष्कळ काम तसं होतं. मला ते आवडत नाही. समोरचा हॉर्न कानाने ऐकून व्हायोलिनवाला आपोआप गज भरून ओढतो. हेडफोनमध्ये ते होत नाही. पण करायचंच आहे तर मांडणी हलवू नकोस. सकाळच्या खुर्च्या रिकाम्या पण जागच्या जागी, ट्री तिथेच, गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, तोच. नुसते हॉर्न असले तरी रेकॉर्डिंग ट्रीवरच. नाहीतर दोन वेगळे हॉल एकमेकांवर चिकटवल्यासारखे वाटतात. तापमान लिहून ठेव. टेकच्या वेळी एसी बंद असणार, हॉल तापणार, आणि दर अंशाला हॉर्न सुमारे ३ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). सकाळी २३ आणि दुपारी २७ म्हणजे १२ सेंट. वादक ओठाने स्वर उतरवेल, पण आवाज आवळला जाईल. प्रत्येक ब्रेकमध्ये एसी पूर्ण चालव, परत आल्यावर सूर लावूनच पुढे जा.

गेनचं थोडक्यात सांगतो. तालमीत वादक हात राखून वाजवतात, टेकमध्ये ४ ते ६ डेसिबल वर जातात. सगळ्यात मोठा क्यू आधी वाजवून घे, मीटरवरचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, आणि दिवसभर हात लावू नकोस. दोन टेक जोडताना हॉलचा मागचा आवाज बदलता कामा नये.

तुझ्या तिसऱ्या क्यूच्या शेवटी क्लिक, म्हणजे वादकांना हेडफोनमध्ये दिलेला लयीचा ठोका, ऐकू येतोय. व्हायोलिन विरत जातात आणि खालून टिक-टिक. रिकाम्या खुर्चीवर टाकलेला हेडफोन, नाहीतर एक कान उघडा ठेवलेला. बंद कपांचे हेडफोन दे, न वापरलेले काढून टाक, क्लिकचा आवाज टोकदार न ठेवता लाकडी, बुटका ठेव, आणि एका माणसाला फक्त क्लिकचा फेडर दे. हळू जागी तो उतरवेल, शेवटच्या स्वरावर बंद करेल. मग कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही, पान नाही, गज नाही, खुर्ची नाही. मनात पाच अंक मोज. ट्री सगळं ऐकते, म्हणून लोक ट्रीला घाबरतात आणि जवळच्या माइकमागे लपतात. घाबरायचं असेल तर शिस्त लाव, माइक जवळ आणू नकोस.

वादक कमी आहेत म्हणून तेच २२ जण दुसऱ्यांदा वाजवून घ्यायचे हा तुझा विचार चांगला आहे. पण त्याच खुर्चीत तोच माणूस तेच वाजवेल तर आवाज मोठा न होता चिकट होतो. दुसऱ्या वेळी पहिल्या-दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळी बदलून दे, मागचे पुढे बसव. ट्री तीच.

स्टेमच्या, म्हणजे फिल्मच्या मिक्सिंगला द्यायच्या गटवार ट्रॅकच्या, बाबतीत एक सोडू नकोस. तंतू, ब्रास, तालवाद्यं, सिंथ वेगवेगळे द्यायचे, आणि मधल्या चॅनेलवर संगीत कमी ठेवायचं, कारण तिथे संवाद बसणार आहे. ट्रीच्या मधल्या माइकचा थोडाच भाग तिथे पाठव, बाकीचा डाव्या-उजव्यात वाट.

महागड्या हॉलचं दुःख मला कळतं. लंडनच्या ॲबी रोडचा स्टुडिओ वन १९३१ चा, छत १२ मीटरच्या आसपास. तिथलाच लिंडहर्स्ट हॉल मूळचं चर्च, तिथे एअर स्टुडिओ १९९२ मध्ये आला. तसं छत आपल्याकडे नाही. पण मुंबईच्या स्टुडिओंत, ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये आणि महालक्ष्मीच्या फेमसमध्ये, मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणं) येण्याआधी गायक, गोव्याचे नोटेशन वाचणारे वादक, तबला-ढोलक, सगळे एका वेळी, मोजक्या माइकवर एका टेकमध्ये घेतले जात. तिथे बॅलन्स म्हणजे माणसांना जवळ-लांब बसवणं. ट्री नव्हती, पण काम ट्रीचंच होतं. ही विद्या आपल्याच गावात होती आणि आपणच ती १९ माइकांखाली पुरली. मीही पुरणाऱ्यांत होतो, पुष्कळ वर्षं. ती वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून तुला चिडून लिहितोय.

आता असं कर. हॉलची लांबी, रुंदी आणि छताची उंची टेपने मोजून मला कळव. मागच्या भिंतीचा, पडदा सारलेला, एक फोटो पाठव. कंडक्टरच्या जागी उभी राहून एक टाळी वाजव, फोनवर रेकॉर्ड कर आणि तीही पाठव. हॉर्नवाले कुठे बसवायचे ते त्यावरून ठरवू. तोपर्यंत रिव्हर्ब विकत घेऊ नकोस.

तुझा काका