कंपनीचा मेडिक्लेम संपतोय: पॉलिसी घ्यावी की 15 लाख बाजूला ठेवावेत?

प्रश्न: मी दोन महिन्यांनी विक्रोळीतल्या एका खासगी कंपनीतून साठाव्या वर्षी निवृत्त होतोय. मुलुंड पूर्वेला स्वतःचं घर आहे. पत्नी 57 वर्षांची. कंपनीचा 5 लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आम्हा दोघांना गेली बारा वर्षं आहे, तो शेवटच्या दिवशी बंद होणार. मला आठ वर्षांपासून डायबेटिस आणि बीपी, पत्नीला मोतीबिंदूची सुरुवात. एजंटने दोघांसाठी 10 लाखांची फ्लोटर पॉलिसी (दोघांत मिळून एकच रक्कम) सुचवली आहे, हप्ता वर्षाला 86,000. देवरुखजवळच्या आमच्या गावचा पत्ता दिला तर तो 70,000 वर येईल म्हणतो. मुलाच्या ऑफिसच्या विम्यात आमची नावं आहेतच, 4 लाखांसाठी. मग ग्रॅच्युइटीतले 15 लाख एफडीत टाकून तेच आजारपणाला ठेवले तर चालणार नाही का?

उत्तर: नमस्कार. पॉलिसी घ्या आणि 15 लाखही ठेवा. दोन्ही एकमेकांना धरून कसं चालतं ते पुढे सांगतो, पण आधी तारखेचं बघू, कारण तुमच्याकडे दोनच महिने आहेत.

साठीत नवीकोरी पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांना वेटिंग पिरियड लागतो. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या 2024 च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. म्हणजे डायबेटिसमुळे उद्भवलेल्या दुखण्याचा क्लेम तीन वर्षांपर्यंत नाकारला जाऊ शकतो. मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. तुम्ही मात्र बारा वर्षं ग्रुप विम्यात आहात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत तुम्ही गेलात, ज्याला मायग्रेशन म्हणतात, तर या वर्षांचं श्रेय मिळतं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच वर्षी करायचं ठरलं तरी वेटिंगची अडचण येत नाही.

एवढ्या मोलाची गोष्ट एजंटने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. कंपनीचा विमा संपून मध्ये खंड पडला, की हे श्रेय हातचं जातं. म्हणून या आठवड्यातच एचआरकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या: ग्रुप पॉलिसीचा नंबर, तुम्हा दोघांची नावं कोणत्या तारखेपासून सलग आहेत त्याचं पत्र, आणि आजवरच्या क्लेमची नोंद. अर्ज विमा संपण्याच्या किमान 30 दिवस आधी गेला पाहिजे. कंपनी तपासण्या सांगेल, हप्ता थोडा चढवूनही सांगेल, आणि त्यात दिवस जातात. श्रेय मिळतं ते जुन्या 5 लाखांपुरतंच. थेट 10 लाखांची पॉलिसी घेतलीत तर वरच्या 5 लाखांना वेटिंग नव्याने सुरू होतं.

आता गावच्या पत्त्याचं. हे अजिबात करू नका. कंपन्या शहरांचे झोन पाडतात, मुंबई सगळ्यात महाग झोनमध्ये येते. स्वस्त झोनच्या हप्त्यावर मुंबईत उपचार घेतले की अनेक पॉलिसींत को-पे लागतो, बऱ्याचदा 20 टक्के. म्हणजे 4 लाखांच्या बिलात 80,000 तुमच्या खिशातून. वाचणार किती, तर वर्षाला 16,000. एका अॅडमिशनमध्ये पाच वर्षांची बचत संपली. निवृत्तीनंतर निम्मं वर्ष गावी राहायचा बेत असला तरी बायपासची वेळ आली की गाडी मुंबईकडेच वळणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पत्ता मुलुंडचाच द्या.

10 लाखांच्या फ्लोटरऐवजी मी तुम्हाला मायग्रेशनची 5 लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर 20 लाखांचा सुपर टॉप-अप सुचवेन. त्याचं डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेच्या वर तो पैसे देऊ लागतो ती, 5 लाख ठेवा. सुपर टॉप-अप वर्षभरातली सगळी बिलं एकत्र धरतो. साधा टॉप-अप प्रत्येक अॅडमिशनचं बिल वेगळं मोजतो, तो घेऊ नका. मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयात आयसीयूचे आठ-दहा दिवस पडले तर 5 लाख पुरतीलच असं नाही, म्हणून वरचा थर हवाच. एजंटकडून या जोडीचं कोटेशन मागा. त्यात जीएसटी लावलेला असेल तर लगेच हटका, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

कोटेशनबरोबर रूम रेंटचं कलमही वाचा. समजा 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला 1 टक्क्याची, म्हणजे दिवसाला 5,000 ची मर्यादा आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत. तुम्हाला वाटेल, दिवसाचे 3,000 आपण भरू. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे खर्च 2,40,000 असतील तर मिळतील 1,50,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, पण 90,000 चा फटका पुरेसा आहे. मर्यादा नसलेली किंवा सिंगल रूम देणारी पॉलिसी दोन-तीन हजारांनी महाग पडली तरी तीच घ्या.

तुमचे 15 लाख. नुसत्या एफडीच्या भरवशावर राहिलात तर एक मोठं आजारपण त्यातले निम्मे नेईल आणि दुसऱ्यानंतर काही उरणार नाही. त्यातले 12 लाख सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये घाला. सध्याचा 8.2 टक्के दर पाच वर्षं कायम राहतो, म्हणजे दर तिमाहीला 24,600, वर्षाला 98,400. मूळ पॉलिसी आणि सुपर टॉप-अप मिळून हप्ता 65,000 धरू आणि तो दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढतो असं मानू. पाचव्या वर्षी तो 95,000 वर जातो, तरी व्याजात बसतो. 10 टक्के धरले कारण जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात त्याहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी सल्लामसलत करावी लागते. कंपन्या दरवर्षी एवढं वाढवतीलच असं नाही, पण हिशेब वाईटाचा धरलेला बरा. व्याजावर कर लागेल. जुन्या करप्रणालीत राहिलात तर विम्याच्या हप्त्यावर 50,000 पर्यंतची वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही.

उरलेले 3 लाख बँकेत, लगेच काढता येतील असे ठेवा. को-पे, ग्लोव्हज-मास्कसारख्या न मिळणाऱ्या वस्तू, दवाखान्याच्या फेऱ्या, डायबेटिसच्या गोळ्या, हे सगळं विम्याबाहेर राहतं. त्यासाठी हे पैसे.

मुलाच्या ऑफिसचा विमा असेपर्यंत जरूर वापरा, किंबहुना पहिला क्लेम तिथेच करा. दोन पॉलिसी असल्या तर कुठे क्लेम करायचा ते तुम्ही ठरवू शकता, आणि तुमच्या पॉलिसीचा क्लेम न केल्याबद्दलचा बोनस शाबूत राहतो. पण फक्त त्यावरच विसंबून राहिलात आणि मुलाने नोकरी बदलली किंवा त्याच्या कंपनीने पालकांची नावं वगळली, तर तुम्ही 65 व्या वर्षी नव्या वेटिंग पिरियडसमोर उभे असाल. त्याच्यावर सगळं सोपवणं त्याच्यावरही अन्याय आहे. नोकरी बदलताना त्याने तुमचं आजारपण मोजत बसू नये.

सत्तरी गाठल्यावर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. तेव्हा ते नक्की काढा, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. पण ते योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच चालतं आणि तुम्हाला अजून दहा वर्षं आहेत, म्हणून त्यावर आज काही ठरवू नका.

शेवटी प्रपोजल फॉर्म. एजंटला तो भरू देऊ नका, स्वतः भरा. डायबेटिस आणि बीपी, दोन्ही वर्षासकट लिहा, गोळ्यांची नावं लिहा, वहिनींच्या डोळ्याचंही लिहा. 'कशाला लिहिताय, रिजेक्ट होईल' असं कोणी म्हणालं तरी लिहा. क्लेमच्या वेळी जुने केसपेपर तपासले जातात आणि लपवलेला आजार सापडला की पॉलिसीच रद्द होऊ शकते. पॉलिसी हातात आली की 30 दिवसांचा फ्री-लुक काळ असतो, म्हणजे पटली नाही तर ती परत करता येते. त्या दिवसांत मुलाला शेजारी बसवून वेटिंग पिरियडचं पान उघडा. तिथे तुमच्या बारा वर्षांचं श्रेय दिसत नसेल तर एचआरचं पत्र जोडून त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा.